एकोणतीस जूनचा डे-एंड : गोव्यात बँकिंग थरारपट उभा करताना

बँकेतल्या लोभावर सिनेमा करायचा ठरला की बहुतेक लेखक पहिल्याच दिवशी तिजोरी, बंदूक आणि काळ्या काचांची गाडी लिहून मोकळे होतात. पण बँक आतून पोखरली जाते तेव्हा तिजोरीला कुणी हातही लावत नाही. एक खातं एका ठराविक तारखेच्या रात्री थकीत दिसू नये, एवढ्यासाठी पाच-सहा माणसं सह्या करतात आणि प्रत्येकाला आपली सही किरकोळ वाटते. थरार त्या तारखेत असतो. म्हणून या मार्गदर्शकाचा क्रम थोडा उलटा आहे: आधी खातेवही लिहायची, मग कॅलेंडर, मग माणसं आणि सगळ्यात शेवटी पटकथा. इथे शंभर मिनिटांचा, मराठी-कोंकणी संवादांचा, अठरा दिवसांत गोव्यातच चित्रित होणारा सिनेमा गृहीत धरला आहे.

घोटाळा एकच निवडा

निवडीला खूप वाव आहे. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँकर्स रिसीट नावाचा कागद हातोहात फिरत होता आणि त्यामागे रोखे नव्हतेच. १९९५ मध्ये बेअरिंग्ज बँक बुडाली तेव्हा सिंगापूरमधल्या ८८८८८ क्रमांकाच्या एका खात्यात ८२.७ कोटी पौंडांचा तोटा दडवलेला निघाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण बाहेर आलं. तिथे हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट यंत्रणेतून परदेशी जात होते, पण बँकेच्या मूळ संगणकप्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती.

हे तिन्ही प्रकार पडद्यावर समजावायला वीस-वीस मिनिटं खातात. कमी खर्चाच्या सिनेमाला चौथा प्रकार सोयीचा: एव्हरग्रीनिंग. जुन्या कर्जाचं थकलेलं व्याज नव्या कर्जातून भरायचं, म्हणजे जुनं खातं हिरवंगार दिसतं. हे वाक्य तिकिटाच्या रांगेतल्या माणसालाही कळतं, कारण एका क्रेडिट कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डाने भरणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतो.

गोव्यात या घोटाळ्याला जमीनही तयार आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी पहिल्यांदा बंद झाल्या. मग ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणकाम पुन्हा थांबलं. डिचोली, सांगे, सावर्डे भागात कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले, खनिज वाहणाऱ्या बार्जी नदीत नांगरून पडल्या. कर्जदार मुळात बदमाश नाही, धंदाच बुडालाय. बदमाशी सुरू होते ती बँकेच्या मुख्य कार्यालयात. गोव्यातल्या प्रेक्षकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

खातेवही : कागदावर, पैशापर्यंत

पटकथेचं एक पानही लिहिण्याआधी हा तक्ता भरा. खासगी बँक, एक खाण कंत्राटदार, ट्रक-बार्जी-यंत्रांसाठी घेतलेलं १२ कोटींचं कर्ज, व्याज दरसाल १२ टक्के. हिशेब सोपा राहावा म्हणून मुद्दल बाजूला ठेवू आणि फक्त व्याज धरू. महिन्याला १२ लाख, तिमाहीला ३६ लाख.

पहिल्या तिमाहीत ३६ लाख थकले. बँक दुसऱ्याच एका फर्मला ४० लाखांचं खेळतं भांडवल मंजूर करते. त्यातले ३६ लाख फिरून कंत्राटदाराच्या कर्जखात्यात येतात आणि ४ लाख वाटेत झिरपतात. आता एकूण येणं १२ कोटी ४० लाख. दुसऱ्या तिमाहीचं व्याज ३७ लाख २० हजार, म्हणून नवं कर्ज ४२ लाखांचं. तिसरीला व्याज ३८ लाख ४६ हजार, कर्ज ४३ लाख. चौथीला व्याज ३९ लाख ७५ हजार, कर्ज ४५ लाख. वर्षाअखेर येणं १३ कोटी ७० लाख. एक रुपयाही खरा परत आलेला नाही, पण बँकेच्या पुस्तकात १ कोटी ५१ लाख ४१ हजारांचं व्याज उत्पन्न म्हणून जमा आहे. आणि १८ लाख ५९ हजार रुपये कुणाच्या ना कुणाच्या खिशात आहेत.

आता खातं वेळेवर एनपीए (नव्वद दिवस थकलेलं, अनुत्पादक कर्ज) दाखवलं असतं तर? व्याज उत्पन्नात धरता आलं नसतं आणि तारण असलेल्या सबस्टँडर्ड (नुकत्याच एनपीए झालेल्या) कर्जावर त्या काळच्या नियमाने १५ टक्के तरतूद, म्हणजे १ कोटी ८० लाख, नफ्यातून वजा झाले असते. दोन्ही मिळून फरक ३ कोटी ३१ लाखांचा, तोही एका खात्यावर. अशी चाळीस खाती असतील तर वार्षिक नफा, शेअरचा भाव आणि त्यावर ठरणारा वरिष्ठांचा बोनस कुठून आला हे वेगळं सांगायला नको.

लोभ दाखवायला खलनायकाच्या तोंडी पैशावरचं भाषण टाकायची गरज त्यामुळे उरत नाही. १८ लाखांची चोरी हा शाखेतल्या माणसांचा लोभ आणि ३ कोटी ३१ लाखांचा देखावा हा वरच्या मजल्याचा. दुसऱ्यात कायदा मोडल्यासारखं कुणाला वाटतही नाही, आणि सिनेमाचा खरा विषय तोच आहे.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे आकडा फुगवणं. लेखकाला १२ कोटी लहान वाटतात, म्हणून तो १२०० कोटी लिहितो. मग मंजुरी शाखेच्या आणि विभागाच्या हातून सुटून थेट संचालक मंडळाच्या समितीकडे जाते आणि आपला नायक, एक साधा अधिकारी, त्या कागदाच्या जवळही फिरकू शकत नाही. आकडा असा हवा की कागद त्याच्या टेबलावरून गेलाच पाहिजे.

कॅलेंडर : ९० दिवस आणि दोन घड्याळं

हप्ता ३१ मार्चला देय असेल आणि त्या दिवसाच्या डे-एंडपर्यंत, म्हणजे बँकेचा संगणक दिवसाचा हिशेब बंद करेपर्यंत, भरला नाही, तर थकबाकीची तारीख ३१ मार्च. ३० एप्रिलला खातं एसएमए-१ (एनपीएआधीचा इशाऱ्याचा टप्पा), ३० मेला एसएमए-२ आणि २९ जूनच्या डे-एंडला एनपीए. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात दिवस मोजायचं हेच उदाहरण दिलं होतं. २९ जूनपर्यंत मार्च, एप्रिल आणि मे असे तीन महिन्यांचे ३६ लाख थकलेले असतात, म्हणजे आपला तक्ता जुळतो.

आता २०१८ चं कॅलेंडर उघडा. २३ जून चौथा शनिवार, बँक बंद. २४ जून रविवार, बंद, आणि त्याच दिवशी सांजाव, म्हणजे सेंट जॉनचा सण: डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून पोरं विहिरीत उड्या मारत असताना पणजीच्या कार्यालयात फक्त दोन दिवे चालू आहेत, हे दृश्य आयतं हातात पडतं. २९ जून शुक्रवार, आणि त्या दिवशी बारदेशच्या कोळी वस्त्यांत सांगोड, दोन होड्या जोडून त्यांवर उभारलेला मंच आणि समोर अख्खा गाव. क्लायमॅक्सची तारीख आपण निवडलेली नाही, नियमाने आणि पंचांगाने मिळून दिली आहे. असं जुळून येतं तेव्हा कृपा करून त्यावर संवाद लिहू नका. मागे ब्रास बँडचा आवाज ऐकू आला तरी पुरे.

पैशाचा प्रवास तासाच्या हिशेबाने लिहा. मंगळवार २६ जून, मंजुरी. बुधवारी ४० लाख नव्या फर्मच्या खात्यात. गुरुवारी तिथून दुसऱ्या बँकेतल्या खात्यात. शुक्रवारी त्या दुसऱ्या बँकेतून ३६ लाख आरटीजीएसने परत यायचे आणि रात्रीच्या डे-एंडआधी कर्जखात्यात वळते व्हायचे.

इथेच पहिलं घड्याळ येतं. २०१८ मध्ये ग्राहकांसाठी आरटीजीएस दुपारी साडेचारला बंद व्हायचं. चोवीस तासांची सोय डिसेंबर २०२० पासूनची. दुसरं घड्याळ एनईएफटीचं, तेव्हा शेवटची बॅच संध्याकाळी सातची. त्यानंतर आयएमपीएस उरतं, पण त्याची मर्यादा तेव्हा एका व्यवहाराला २ लाख होती. ३६ लाखांना अठरा व्यवहार लागतील आणि खात्याची रोजची मर्यादा त्याआधीच संपेल.

आणि अडथळा? कुणाला कोंडून ठेवायची गरज नाही. दुसऱ्या बँकेतला कारकून खातेक्रमांकाचे दोन अंक उलटे टाकतो. आरटीजीएसमध्ये नावावरून जमा होत नाही, क्रमांकावरून होतं. असा क्रमांक अस्तित्वातच नसेल तर रक्कम तासाभराच्या आत परत पाठवावी लागते. व्यवहार ३ वाजून ४० मिनिटांनी केला आणि पैसे ४ वाजून ३५ मिनिटांनी परत आले तर आरटीजीएसची खिडकी बंद झालेली आहे. पुढची अडीच तास एनईएफटीच्या बॅचांची धावपळ. दर अर्ध्या तासाला एक बॅच, आणि प्रत्येक बॅच सुटली की खोलीतल्या एकेका माणसाचा चेहरा. शेवटची वीस मिनिटं इथून लिहा. कारकुनाने अंक चुकून उलटे टाकले की मुद्दाम, हे प्रेक्षकाला कळायलाच हवं असं नाही.

सही : एक दृश्य जवळून

४० लाखांच्या नव्या कर्जाला तारण लागेल. गोव्यात तारणाचा कागद इतर राज्यांपेक्षा वेगळा आणि पटकथेसाठी जास्त रसाळ आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या इथल्या कौटुंबिक कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. घर विकायचं किंवा गहाण टाकायचं तर दोघांची सही हवी. मुंबईहून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला हे ठाऊक नसतं, पणजीच्या पॅनल वकिलाला ठाऊक असतं. या फरकावर तुमचा मधला अंक उभा राहू शकतो.

समजा घर बारदेशात आहे, नवरा इथे आणि बायको स्विंडनला. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेली माणसं गोव्यातल्या किती गावांत आहेत हे सांगायला नको. गहाणखतावर तिच्या वतीने मुखत्यारपत्र जोडलेलं आहे. त्यावर म्हापशाच्या नोटरीचा शिक्का, ७ मे २०१८, सोमवार, आणि खाली ओळ: ‘समक्ष हजर राहून सही केली’. ती तर जानेवारीपासून स्विंडनलाच. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र असतं तर तिथल्या वकिलातीचा किंवा नोटरीचा शिक्का दिसला असता आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांकित झाला असता. म्हणजे कागद खोटा आहे हे एका तारखेवरून कळतं. हस्ताक्षरतज्ज्ञ नको, प्रयोगशाळा नको.

चित्रीकरण असं करा. फाइलमध्ये कागद या क्रमाने लावा: अर्ज, मंजुरीपत्र, फॉर्म एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा), निल एन्कम्ब्रन्स (बोजा नसल्याचा) दाखला, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्यूअरचा अहवाल, मुखत्यारपत्र, गहाणखत. नायक पानं उलटत जातो, कॅमेरा खांद्यावरून. मुखत्यारपत्रावर तो थांबतच नाही, पुढे जातो. चार पानांनंतर परत येतो. हा परत येणारा हात म्हणजे अख्खं दृश्य. शिक्क्याचा क्लोजअप त्यानंतरच, फार तर तीन सेकंद. आधी क्लोजअप दाखवलात तर प्रेक्षक नायकाच्या पुढे निघून जातो आणि मग त्याला बसून वाट पाहावी लागते.

जुन्या जमिनींच्या फाइलमध्ये पोर्तुगीज भाषेतले नोंदणीचे उतारे असतात. ते शोभेसाठी वापरू नका. वापरलेच तर पोर्तुगीज वाचता येणारं एखादं म्हातारं पात्र आणा, नाहीतर तो कागद नुसता पुरावशेष होऊन बसतो.

माणसं : हुद्द्यावरून लिहा

पात्रांची नावं नंतर. आधी प्रत्येकाला संगणकावर काय दिसतं आणि काय दिसत नाही ते ठरवा. मेकर नोंद टाकतो, चेकर ती मंजूर करतो. एकाच माणसाला दोन्ही करता येत नाही, म्हणून शाखेत पासवर्ड चिठ्ठीवर फिरतात. शाखाधिकाऱ्याला थकबाकी दिसते पण नवी फर्म कुणाची ते दिसत नाही. मुख्य कार्यालयातल्या क्रेडिट विभागाला फर्म दिसते, पण घर पाहिलेलं नाही. कॉन्करंट ऑडिटर (चालू व्यवहार तपासणारा लेखापरीक्षक) महिन्यातून येतो, सगळं पाहू शकतो, पण त्याची नेमणूक बँकच करते. प्रत्येकाकडे कोड्याचा एकच तुकडा. नायक म्हणून मुख्य कार्यालयातला क्रेडिट अधिकारी घ्या: मंजुरीवर त्याची सही आहे. म्हणजे तो अडकलेला आहे आणि निर्दोष नाही. संपूर्ण स्वच्छ नायक या विषयात खोटा वाटतो.

त्याने तक्रार कुठे करायची हेही नेमकं ठेवा. खासगी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेची २००७ पासूनची संरक्षित तक्रार योजना आहे. बंद लिफाफा, त्यावर योजनेचं नाव आणि आत तक्रारदाराने स्वतःचं नाव द्यावंच लागतं. निनावी पत्र या योजनेत बसत नाही. नाव गुप्त ठेवलं जातं, पण लिहावं लागतं. पत्रकाराला पेन ड्राइव्ह देण्याच्या घासून गुळगुळीत झालेल्या प्रसंगापेक्षा स्वतःचं नाव लिहिताना अडखळलेलं पेन कितीतरी भारी.

भाषेचं: मुख्य कार्यालयात मराठी, हिंदी, इंग्रजी शब्दांची सरमिसळ चालेल. पण कर्जदार शाखेत आला की कोंकणीतच बोलणार. “मायनिंग बंद जालें, आतां हप्तो खंयच्यान भरतलों?” हे वाक्य मराठीत फिरवू नका, खाली मराठी ओळ द्या. कॅशियर त्याला ‘बाब’ म्हणेल, ‘सर’ म्हणणार नाही. कोल्हापूरहून आलेला शाखाधिकारी पहिल्या दृश्यात त्याला ‘साहेब’ म्हणतो आणि शेवटी त्याच्याही तोंडी ‘बाब’ येतं. एवढा बदल पुरतो.

जागा आणि सेट

चालू बँकेत चित्रीकरणाची परवानगी मागण्यात महिना घालवू नका. मुख्य कार्यालयासाठी पणजीच्या पाट्टो भागातला एखादा रिकामा मजला घ्या: काचेच्या भिंती, खोटं छत, एकसारखी टेबलं. शाखेसाठी डिचोली किंवा साखळीच्या बाजारातला पहिला मजला, अरुंद जिना असलेला. पणजीची जुनी वस्ती फोंताइन्हास टाळा. तिथल्या रंगीत भिंती पाहिल्या की प्रेक्षकाला सहल आठवते.

अठरा दिवसांची वाटणी: मुख्य कार्यालय नऊ, शाखा चार, बाहेरची दृश्यं तीन, घर एक, नदी एक. मुख्य कार्यालयातली दृश्यं तारखेच्या क्रमानेच घ्या. टेबलांवरच्या फाइली २६ जूनपासून २९ जूनपर्यंत वाढत जातात आणि हा ढीग उलट्या क्रमाने जुळवताना कुणीतरी हमखास चुकतं.

सामानात साठ फाइली, त्यातल्या फक्त आठ आतून खऱ्या. चार तारखांचे फिरते शिक्के. टोकन दाखवणारा फलक. रोकड जवळजवळ लागतच नाही, कारण आपले ३६ लाख पडद्यावर एकदाही नोटांच्या रूपात येत नाहीत. कॅशियरच्या खिडकीपुरत्या गड्ड्या हव्यात तर वर-खाली खरी नोट, मध्ये कोरे कागद आणि कागदी पट्टी. नोटेसारखा दिसणारा कागद छापू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ ने तो गुन्हा आहे आणि प्रेसवाल्यालाही अडकवतो.

२०१८ चा काळ बिघडवणाऱ्या गोष्टी मात्र जपा. अनुभवी कला दिग्दर्शकही इथे घसरतात:

- ठेव विम्याच्या पाटीवर १ लाख हवेत. ५ लाखांची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची आहे. गोव्यात ही चूक लगेच पकडली जाईल. २०२० मध्ये म्हापसा अर्बनचा आणि २०२१ मध्ये मडगाव अर्बनचा परवाना रद्द झाला तेव्हा हा आकडा इथे घराघरांत चर्चेत होता.
- जांभळी शंभराची नोट जुलै २०१८ मध्ये आली. जूनच्या दृश्यात जुनी निळसर शंभरची हवी. दोन हजारांची नोट मात्र चालते.
- मांडवीवरचा अटल सेतू २७ जानेवारी २०१९ ला खुला झाला. पणजीहून नदीकडे कॅमेरा वळवला की तो फ्रेममध्ये येतोच. नदीचं दृश्य रायबंदरच्या पुढे, आमोण्याच्या बाजूला घ्या. बार्जीही तिकडे जास्त शोभतात.
- पोलिसांच्या तोंडी ‘चारशे वीस’ बरोबर. न्याय संहितेची कलमं १ जुलै २०२४ नंतरची.
- विमानतळ म्हटला की दाबोळी. मोपा तेव्हा नव्हता.

पडदे, दिवे आणि पाऊस

संगणकाच्या स्क्रीन हा या सिनेमातला सर्वांत जास्त दिसणारा चेहरा. बाजारातल्या खऱ्या बँकिंग प्रणालीची नक्कल करू नका. साध्या ब्राउझरमध्ये ऑफलाइन चालणारी पानं बनवून घ्या, एकूण बावीस-पंचवीस पुरतात. कोणतीही कळ दाबली तरी पुढचं ठरलेलं अक्षर उमटेल अशी सोय ठेवा, म्हणजे नटाला टंकलेखन यायला नको. कोपऱ्यात तारीख-वेळ स्वतः बदलता यावी. प्रत्येक शॉटच्या पाटीवर ती वेळ लिहा. शेवटच्या वीस मिनिटांचं संकलन तिच्यावरच चालतं.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की ट्यूबलाइट लुकलुकत नाही. २४ फ्रेमचा हट्ट असेल तर शटर अँगल १७२.८ अंश. मॉनिटरचा रिफ्रेश दर साठवरून पन्नासवर आणा, नाहीतर काळा पट्टा वर सरकत राहतो. स्वस्त एलईडी पॅनल मंद केले की लुकलुकतात. ते पूर्ण तेजावर ठेवा आणि समोर जाळी किंवा कापड लावा.

गोष्ट जूनची, म्हणून चित्रीकरणही पावसात करावंसं वाटतं. आतली दृश्यं जरूर करा, भाडी कमी पडतात. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. खरा पाऊस कॅमेऱ्यात दिसत नाही, थेंबांच्या मागून प्रकाश असेल तरच दिसतो. म्हणून खिडकीबाहेर उलट्या बाजूने एक दिवा हवा. आणि पत्र्याच्या शेडवर पाऊस पडू लागला की थेट ध्वनिमुद्रण संपलं. शाखेच्या जागेवर पत्रा असेल तर त्यावर गोणपाटाचे दोन थर दोरीने आवळून बसवा. ओलं गोणपाट थेंबाचा आवाज बऱ्यापैकी खातं. एसी बंद करून शॉट घ्यावा लागेल. बंद खोलीत दहा-बारा मिनिटांत सगळ्यांचे शर्ट भिजतात, म्हणून प्रत्येक पात्राचे एकाच रंगाचे तीन शर्ट. एसीची घरघर नंतर वेगळी, निदान एक मिनिट मुद्रित करून ठेवा. २९ जूनच्या रात्री ती घरघर अचानक बंद पडली की संगीताशिवायही माणसं खुर्चीत पुढे सरकतात.

परवानग्या आणि प्रमाणपत्र

गोव्यात चित्रीकरणाची परवानगी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवामार्फत. नदी आणि धक्क्यांसाठी बंदर कप्तान खात्याची वेगळी मान्यता लागते. दाबोळी हा नौदलाचा तळ असल्याने त्या परिसरात ड्रोनचा विचारच सोडा.

बँकेचं काल्पनिक नाव ठरवल्यावर ते रिझर्व्ह बँकेच्या याद्यांत आणि सहकारी संस्थांच्या नोंदवहीत शोधा. मिळतंजुळतं सापडलं तर बदला. बोधचिन्हाचे रंगही कुठल्या खऱ्या बँकेचे नकोत. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही पाटी बदनामीच्या दाव्यात ढाल ठरत नाही. एका खऱ्या प्रकरणातले रक्कम, गाव आणि हुद्दा असे तिन्ही तपशील तुमच्या पात्राला चिकटत असतील तर किमान दोन बदला. म्हणूनच वरचा तक्ता कोऱ्या कागदावर तयार केला आहे, बातमीतून उचललेला नाही.

सेन्सॉरचा अर्ज ऑनलाइन, मराठीसाठी मुंबईचं प्रादेशिक कार्यालय. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे आले आहेत. आत्महत्येचा प्रसंग आणि शिव्या किती हे लिहितानाच ठरवलं तर नंतर कात्री कमी लागते. तणाव दाखवायला सिगारेट पेटवू नका. पेटवलीत तर आरोग्याच्या इशाऱ्याच्या जाहिराती आणि पडद्यावरची पट्टी लावावी लागते, आणि ती पट्टी नेमकी साडेचारच्या घड्याळाखाली झळकते.

कच्चं संकलन झालं की ते चार बँक कर्मचाऱ्यांना दाखवा: एक निवृत्त शाखाधिकारी, एक ऑडिटर, एक रिकव्हरीवाला, एक कॅशियर. त्यांचं मत विचारू नका, नुसतं मागे बसून ते कुठे हसतात ते टिपा. गंभीर प्रसंगात हसले तर तिथे प्रक्रिया चुकली आहे. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असतं: चेकरने स्वतःचीच नोंद मंजूर केली, किंवा दुपारी चारला कुणीतरी डे-एंड चालवला. त्या दोन ओळी पुन्हा डब करा आणि पुढच्या आठवड्यात चार नव्या माणसांना बोलवा.